एका फणीला एक नाव

“हात काढ! मंगल, फणी सोड आधी हातातली!”

आत्या एवढ्या जोरात ओरडल्या की फणी माझ्या हातून निसटून न्हाणीच्या दगडावर पडली आणि तिचा एक दात मोडला. माझ्या आईची फणी ती, शिसवी लाकडाची. मी चिडून वर बघितलं, तर आत्यांचा चेहरा पांढराफटक. राजूबाई म्हणजे माझी सासू, सत्तरीची बाई, साप निघाला तरी काठी घेऊन पुढं होणारी. ती दोन पावलं मागं सरकली.

“काय झालं, आत्या? गुंता हाय नुसता. अठरा दिवस फणी न्हाई लागली डोक्याला.”

“गुंता न्हाई बाई तो.” त्या माझ्या मागं आल्या, पण केसांना हात लावेनात. “गुंता असा बोटाएवढा पिळून बसतो व्हय? जट हाय ही. यल्लम्मा आईनं खूण दिली.”

मी हळूच उजव्या कानामागं हात नेला. मानेच्या वर, केसांच्या मुळाशी, करंगळीएवढं कडक काहीतरी होतं. दोरखंडासारखं पिळलेलं. सकाळपर्यंत मी त्याला गुंता म्हणत होते. आता त्याला नाव मिळालं आणि माझं बोट आपोआप मागं आलं.

“तुझा ताप चढला तवा मी आईच्या नावानं पिवळा दोरा बांधले होते तुझ्या केसाला,” आत्या म्हणाल्या. “भंडारा लावले, तेल लावले. सातव्या दिवशी ताप उतरला आन् बघते तर दोरा न्हाई. अंथरुन झाडून बघितले, न्हाईच. आईनं दोरा घेतला, मंगल, आन् तुला धरली.”

आमच्या हुलसूर-भालकीच्या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाईच्या केसात जट आली म्हणजे देवीनं तिला आपली केली. त्या केसांना फणी लावायची नाही, कात्रीचं तर नाव काढायचं नाही. जोगतीण येऊन भंडारा लावते, जट ‘बसवते’, आणि त्या दिवसापासून ती बाई घरची कमी आणि देवीची जास्त. कुणी जट सोडवलीच, तर देवी त्या बाईला काही करत नाही. घरातल्या लेकराकडं बघते. आत्यांच्या जावेनं जट कापली होती म्हणे, आणि वर्षाच्या आत तिचा मुलगा विहिरीत गेला. तो पोहायला गेला होता, पोहता येत नव्हतं, हे सगळं खरं. पण आत्यांनी त्याचं प्रेत बघितलंय. त्यांच्याशी काय वाद घालणार?

आणि माझं लेकरू एकच. दानेश्वरी. नववीत आहे.

आत्यांनी त्याच दिवशी जोगतीण अंबव्वाला निरोप धाडला. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार ठरला. मला कुणी विचारलं नाही.

मी काही देव न मानणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. पण माझी भक्ती जरा आळशीच म्हणा. उपास मला सोसत नाहीत, देवळात जायला सवड नाही. सकाळी घरचा स्वयंपाक, मग गावच्या शाळेत बिसीऊट, म्हणजे पोरांचं दुपारचं जेवण. एकशे चाळीस पोरांचा भात आणि सांबार आम्ही दोघी मिळून करतो. तीनला भांडी पालथी घातली की मी मोकळी. दानू पाचनंतर येते. आत्या तोवर शेताकडं नाहीतर शेजारी. म्हणजे मधला दीड-दोन तासांचा वेळ, आणि त्यातला मंगळवारचा पूर्ण माझा.

मंगळवारी मी मागच्या दारी दगडावर बसते. वेणी सोडते. करडईचं तेल कोमट करून बोटांनी मुळाशी जिरवते, अगदी सावकाश, कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. मग फणी. एका फणीला एक नाव. हे माझ्या आईनं शिकवलेलं. मी सात-आठ वर्षांची असेन, तिच्या दोन गुडघ्यांमध्ये बसलेली. ती म्हणायची, “तुला काय देवळात जायला सवड मिळनार न्हाई, बाई. आमाला कुटं मिळाली? पर डोस्कं तर इंचरशील? तेवढ्यात देवाला घे. एका फणीला एक नाव घे.”

सुरुवातीला देवांची नावं घ्यायचे. देव संपले की माणसांची घेते. दानूचं, तिच्या बाबांचं, बहिणीचं, शाळेतल्या आजारी पोराचं, कधी रागात असले तर ज्याचा राग आलाय त्याचंही. नाव घेऊन फणी खालपर्यंत नेली की राग निम्मा उतरतो. शिकेकाईनं डोकं धुऊन उन्हात केस वाळवताना मला वाटतं, कुणीतरी पाठीशी बसलंय आणि आपल्याला काही मागायचं नाहीये. देवळात मला असं कधीच वाटलं नाही. एवढाच माझा देव. तो पण आता केसातच अडकून बसला होता.

आईला जट आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

धाकट्या भावाच्या वेळी ती महिनाभर अंथरुणाला होती. उठली ती जट घेऊनच. गाव गोळा झालं, हलगी वाजली, आणि नुसती बाणूबाई होती ती ‘आई’ झाली. सगळ्या गावाची आई. ओसरीवर तिच्यासाठी पाट मांडला गेला. मंगळवारी, शुक्रवारी लोक येऊन प्रश्न विचारायचे. माझे वडील, अप्पा, गोठ्यात झोपायला लागले. मला तिच्या अंगाला अंग लावून बसता येईना, कारण मी शाळेतून येणार, कुठं कुठं शिवून येणार. माझे केस विंचरायला कुणी उरलं नाही म्हणून चुलतीनं ते कानाच्या वर कापून टाकले. त्या दिवशी मी आईकडं धावत गेले. ती पाटावर बसली होती. तिनं हात पुढं केला आणि परत मागं घेतला. अजून मला तो हात दिसतो.

जट वाढत गेली, कमरेपर्यंत आली. तिच्या वजनानं मान एका बाजूला कलली ती कललीच. आत उवा झाल्या, जखमा झाल्या. पन्नाशीच्या आत गेली. सरणावर ठेवण्याआधी जट कापून घेतली, आणि ती आजही भावाच्या देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधून ठेवलेली आहे. मी दिवाळीला जाते, पाया पडते. हात लावत नाही.

तर मला काय होणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ते बघून बसले होते. शाळेत टोपी घालावी लागते, केस दिसता कामा नयेत, भांड्यात एक केस सापडला तर वरपर्यंत तक्रार जाते. जटेची बाई कशी चालेल? आणि चालली तरी लोक मला तिथं ठेवतील का? पाटावर बसवतील. दानू मला शिवणार नाही. कधीतरी तीही धावत येईल आणि मी हात पुढं करून मागं घेईन.

ते व्हायला फार वेळ लागलाच नाही. गुरुवारी कामावर निघाले, तर वाटेत हावगेप्पा भेटला. साठीचा माणूस. गेल्याच वर्षी त्याच्या बांधावरून गेले म्हणून मला तोंडाला येईल ते बोलला होता. त्यानं चपला काढल्या, डोक्याचा रुमाल काढला आणि भर रस्त्यात माझ्या पायावर डोकं ठेवलं.

“आई, माझी कालवड चार दिस झालं घावंना. कुन्या दिशेला हाय तेवढं सांग.”

“हावगेप्पा मामा, उठा हो! मी मंगल हाय. मला काय कळतंय कालवडीचं?”

“तसं म्हनू नको, आई. चुकलं आसंल तर पदरात घे.”

त्याच्या डोळ्यात खरोखर पाणी होतं. मला शिव्या देणारा हावगेप्पा परवडला असता. त्याच्यापुढं निदान मी मंगल तरी होते. काहीतरी बोलून सुटावं म्हणून मी हात वर केला, तो ओढ्याकडं गेला. संध्याकाळी कालवड ओढ्यापलीकडं सापडली. घ्या! आता काय बोलणार? दुसऱ्या दिवशी आमच्या दारात चार बाया बसलेल्या.

शाळेत शिवप्रसाद सरांनी मला बाजूला बोलावलं. ते हेडमास्तर, बिदरकडचे, आमच्याशी कन्नड-मराठी मिसळून बोलतात. माणूस भला, पण भित्रा.

“मंगल अक्का, हे गावात काय बोलायलेत? खरं हाय का?”

“शुक्रवारी बसवायचं म्हनतेत, सर.”

“मग शनिवारपासून...” त्यांनी चष्मा पुसला. “मी न्हाई म्हनत न्हाई. देवीचं हाय, मी कसं बोलू? पर टोपीत बसंल का ते? आन् आईबाप पाया पडायला हितं शाळेत आले तर?”

“तुमाला काय वाटतंय, सर? मी काय करू?”

“अय्यो, मला कशाला विचारतेस?” ते लगेच म्हणाले आणि वर्गाकडं गेले.

नवऱ्याला विचारलं. तानाजी कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवतो, हंगामात दोन-दोन दिवस घरी नसतो. तो चुलीपाशी बसलेल्या आपल्या अव्वाकडं, म्हणजे आत्यांकडं, बघत राहिला. मग म्हणाला, “मला भ्या वाटायलंय, मंगल. आमची अव्वा सांगती तसं कर. दानूवर नगो काय.” मी त्याच्यावर रागावले नाही. मलाही तेच भ्या वाटत होतं. फरक एवढाच की जट त्याच्या डोक्यात नव्हती.

मंगळवार आला. तीनला सुटले, घरी आले. घरात कुणी नव्हतं. सवयीनं तेल कोमट केलं, सवयीनं दगडावर बसले, आणि मग लक्षात आलं की आता हा तास माझा राहिला नाही. फणी मांडीवर घेऊन मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, नाक शिंकरलं, आणि मग मोठ्यानं म्हणाले, “यल्लम्मा आई, ही तुझी असली तर माझा हात धर. मी ओढनार न्हाई, कापनार न्हाई. माझ्या आईनं शिकवलं तसं तुझं नाव घेऊन एक-एक केस सोडवते. तुला नको असंल तर सुटू देऊ नको.”

हे बोलले खरी, पण तेल निम्मं खांद्यावरच सांडलं. पोतं शिवायची दाभण घेतली. जटेच्या टोकाला तेल चोळत राहिले. तास झाला तरी काही हललं नाही. मग दाभणीच्या टोकाशी एक केस सैल झाला. एकच. मी यल्लम्माचं नाव घेतलं आणि तो ओढून बाहेर काढला. थांबले. कान टवकारून बसले. काही झालं नाही. शेजारची कोंबडी ओरडली तरी मी दचकून उठले.

दुसरा केस, दुसरं नाव.

त्या दिवशी पाव बोट सुटलं. दानू साडेपाचला आली, मी दारात तिला चाचपून बघितलं, कपाळाला हात लावला. “काय गं आई, असं काय करायलीस?” ती म्हणाली. मी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

बुधवारी पुन्हा बसले. नावं संपली. मग मी आईचं नाव घ्यायला लागले, बाणूबाई, बाणूबाई, प्रत्येक केसाला. देवीच्या नावानं जेवढी भीती वाटत होती तेवढी या नावानं वाटेना. बोटं जरा स्थिर झाली. पण पदर घेऊन आत जाताना आरशाकडं बघायची हिंमत झाली नाही.

गुरुवारी थोडंच उरलं होतं. मुळाशी, कातडीला चिकटलेलं, खारकेएवढं. तिथं दाभण शिरत नव्हती. मी मान वाकडी करून चाचपडत होते, तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडं लक्ष गेलं. सहाला दहा कमी.

दानू आलेली नव्हती.

मी तशीच, मोकळ्या केसांनी, दारात गेले. हुलसूरहून येणारी बस सव्वापाचला फाट्यावर थांबते. तिथून आमचं घर दहा मिनिटांवर. रस्त्यावर कुणी नव्हतं. तानाजीला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, नाही. दानूच्या मैत्रिणीच्या घरी पळत गेले, तीही आली नव्हती. तिची आई म्हणाली, “येतील की, बस लेट असंल.” तिला काय माहीत मी काय करून बसले होते!

परत आले तर आत्या मागच्या दारी उभ्या. दगडावर तेल, दाभण, आणि सुटून आलेल्या केसांचा पुंजका. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या केसांकडं बघितलं.

“काय केलीस गं तू?” आवाज अगदी बारीक. “मंगल, काय करून बसलीस तू? दानू कुटाय?”

मला वाटलं त्या मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या उंबऱ्यावर मटकन बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांच्या शेजारी बसले. दिवस कलला होता, पाखरं झाडावर कलकलत होती, आणि आम्ही दोघी रस्त्याकडं बघत होतो. सव्वासहा झाले. मला दानू विहिरीत दिसली. रस्त्याच्या कडेला दिसली. माझी सगळी अक्कल, तो एक-एक केस, ती नावं, सगळं कुठल्या कुठं गेलं. मी आत्यांचे पाय धरले.

“उद्या बसवा जट, आत्या. मी पाटावर बसते, काय म्हनाल ते करते. पोर येऊ द्या माझी फकस्त.”

“मला काय म्हनायलीस? तिला म्हन,” आत्या म्हणाल्या, आणि मी तिथंच उंबऱ्यावर कपाळ टेकून तिला म्हणाले.

सात वाजायला आले तेव्हा उसाचा ट्रॅक्टर फाट्यावर थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पाच-सहा पोरी बोलत-हसत रस्त्यानं आल्या. दानूच्या हातात ऊस होता, ती तो सोलत सोलत येत होती.

“बसचं टायर फुटलं, आई. दुसरी बस आलीच न्हाई. मग आमी ट्रॅक्टरवर आलो. तू कामून रडायलीस?”

मी तिला एक धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं. आत्या उठून देवापुढं दिवा लावायला गेल्या. बस बिघडली, हे मला कळत होतं. टायर फुटतात. पण मी शब्द देऊन बसले होते, आणि ज्या भीतीनं तो दिला ती भीती दानू आल्यावरही छातीतून गेली नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता आत्यांनी मला हाक मारली. जोगतीण यायच्या आधी घरातल्या वडीलधारीनं न्हाऊ घालायचं असतं. मी दगडावर जाऊन बसले. पाणी काढलेलं होतं, शेजारी ताटात हळद, भंडारा, नवं हिरवं लुगडं. दानूला मुद्दाम शाळेत लवकर पाठवलं होतं.

आत्यांनी माझ्या डोक्यावर तेल घातलं. किती वर्षांनी कुणीतरी माझ्या डोक्याला तेल लावत होतं! ताप होता तेव्हाचं मला आठवत नाही. त्यांची बोटं खरखरीत, पण सावकाश फिरत होती. जट पुढं घ्यायची म्हणून त्यांनी उरलेला गोळा चिमटीत धरला. मी डोळे मिटून घेतले.

बोटं थांबली.

पुन्हा चाचपलं. नखानं खरवडलं. मग त्या माझ्या अगदी जवळ वाकल्या, त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

“मंगल.”

“काय, आत्या?”

“ती फणी दे.”

मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चुकतंय. “फणी?”

“दे म्हनले न्हवं? आन् दाभण बी आन तुझी.”

मी दिली. दाभणीचं टोक कातडीला लागत होतं, केस ओढले जात होते, मी दात आवळून बसले होते. मागून फक्त त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. आधी देवीचं नाव. मग दानूचं. मग तानाजीचं. मग माझं. या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं. की मी दर मंगळवारी काय करते ते तिला ठाऊक होतं, कोण जाणे.

“हे बघ,” त्या शेवटी म्हणाल्या.

त्यांच्या तळहातावर तेलानं आणि भंडाऱ्यानं काळपट झालेला एक दोरा होता. धुऊन बघितला असता तर पिवळा निघाला असता. त्याला कडुलिंबाची वाळकी काडी बांधलेली होती, आणि भोवती माझे केस घट्ट वळलेले.

“हा मीच बांधले होते,” आत्या म्हणाल्या. “ही गाठ माझीच हाय. मी अशीच मारते, दोनदा उलटी. तुला ताप एकशे चार होता. तू मला वळखत नव्हतीस. माझं काळीज थाऱ्यावर नव्हतं बाई. म्हनून घट्ट बांधले. सुटू नये म्हनून.” त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. “आन् वरून रोज तेल घातले, भंडारा घातले. मीच.”

मी मागं वळून त्यांचा हात धरला. दोघींचेही हात तेलकट होते. मला हसायला येत होतं की रडायला, सांगता येत नाही. भीती मात्र तशीच होती. दोघींनाही होती. आत्यांनी दोरा टाकून दिला नाही, पदराच्या टोकाला बांधला.

अंबव्वा नऊला आली. साठीची, काळीसावळी, कपाळभर मळवट, आणि स्वतःची जट मांडीपर्यंत आलेली, तिच्या टोकाला कवड्या. बरोबर परडी. दारातच आत्या नारळ आणि सुपात ज्वारी घेऊन उभ्या राहिल्या.

“अंबव्वा, तुमचा मान घ्या. पर जट न्हाई आमच्यात. माझाच दोरा हुता.”

मला वाटलं आता शिव्याशाप ऐकावे लागणार. मी दाराआड दानूच्या दप्तराच्या खुंटीला धरून उभी होते. अंबव्वानं माझ्याकडं बघितलं. मी केस मोकळेच सोडले होते, सरळ, ओले.

“दोरा दाव,” ती म्हणाली.

आत्यांनी पदराची गाठ सोडली. अंबव्वानं तो दोरा बोटांत घेतला, उलटा केला, काडी नखानं टोकरली. मग तिचा दुसरा हात वर गेला, कानामागं, जट जिथून सुरू होते तिथं. ती बोटांनी मुळाशी चाचपत राहिली. एकदा दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं.

“माझी बाळंतपनात आली,” ती म्हणाली. आम्हाला म्हणाली असं वाटलं नाही.

आत्या म्हणाल्या, “बसा की. च्या ठेवते.”

“नगो.” तिनं दोरा आत्यांच्या हातात परत दिला, नारळ परडीत घेतला, ज्वारी घेतली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि केसांवरून खालपर्यंत नेला. मग रस्त्यानं निघाली. फाट्यापर्यंत तिचा हात कानामागून खाली आला नाही, मी बघत होते.

मी वेणी घातली, अंबाडा बांधला, वर टोपी घातली आणि शाळेत गेले. शिवप्रसाद सरांनी लांबून टोपी बघितली आणि हळूच मान हलवली. तांदूळ निवडले, डाळ टाकली, फोडणी दिली. साडेबाराला घंटा झाली, पोरं ताटं घेऊन रांगेत बसली. मी सांबाराची बादली घेऊन वाढत निघाले.

तिसऱ्या रांगेत दुसरीतली एक पोरगी होती. केस कानाच्या वर कापलेले, कुणीतरी घाईत कापल्यासारखे, एका बाजूला जास्त. ती ताट पुढं करून माझ्याकडं बघत होती, आणि मला काय झालं कोण जाणे, पळी तशीच हातात राहिली.

माझ्या आईनं कधी चाचपून बघितलं असेल का? त्या महिनाभरात तिच्या केसात कुणी काय बांधलं होतं? आजीनं? अप्पांनी? लाल फडक्यातल्या त्या जटेत कुणाच्या हातची गाठ असेल? चौदा वर्षं तिनं ती मानेवर वागवली, आणि एकाही माणसानं तेलाचं बोट लावून बघितलं नाही. मीसुद्धा नाही. मी तेवीस वर्षांची होते ती गेली तेव्हा. माझ्याकडं तिचीच फणी होती.

“अक्का,” ती पोरगी म्हणाली, “सांबार वाढा की.”

मी वाढलं. तिला दोन पळ्या वाढल्या, आणि डाव्या हातानं तिच्या कानावरचे केस सारखे करून पुढच्या ताटाकडं गेले.